अवधाण

रात्री दोन वाजता तुम्हाला जाग येते ती थंडीनं. एप्रिल २०२१. बाहेर गडहिंग्लज उकडून निघालंय, भिंती अजून दिवसाची ऊब सोडताहेत, आणि तुम्ही वाकळ हनुवटीपर्यंत ओढून कुडकुडताय. दात वाजतात. डावा दंड ठणकतोय. सकाळी अकराला उपजिल्हा रुग्णालयात रांगेत उभं राहून कोविशील्डचा पहिला डोस घेतलात, अर्धा तास बाकावर बसलात, घरी येऊन आमटी-भात जेवलात. दिवसभर काही नाही. आणि आता पंधरा तासांनी हे.

आज्जी जागीच आहे. नव्वदी ओलांडली तशी तिची झोप उडालीच. उशाशी बसून ती तुमच्या कपाळावर ओलं फडकं ठेवते. मग तिचा हात वाकळीखाली शिरतो तो थेट तुमच्या काखेत. दोन बोटांनी चाचपून बघते.

"अजून अवधाण न्हाई आलं," ती म्हणते. "परवा ईल बघ."

"आज्जी, झोप की आता."

"झोपतो. ताप आला म्हंजे लागली म्हणायची. आमच्या येळंला देवी काढल्या की आठव्या दिवशी डॉक्टर बघाय यायचा, उठल्या का न्हाईत. न्हाई उठल्या तर परत काढायचा."

तिच्या दंडावर त्या खुणा अजून आहेत. कंदिलाच्या उजेडातही दिसतील अशा, गोल, मधे खचलेल्या.

अवधाण हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते; हाताची जखम चिघळली की काखेत. दुखणं एकीकडं आणि गाठ भलतीकडं. या दोन्हींचं नातं आपल्या माणसांनी कधीच ओळखलं आणि त्याला एक नेमका शब्द दिला. दंडापासून काखेपर्यंतच्या त्या वीतभर वाटेवर काय घडतं, ते बघायला आजची रात्र बरी आहे. तापात काळ सरळ चालत नाही. वाकळ डोक्यावरून घ्या.

*

पुन्हा सकाळचे अकरा. सुई आत शिरली आहे आणि तिच्याबरोबर तुम्हीही. दंडाचा स्नायू आतून तोडणीआधीच्या उसाच्या फडासारखा दिसतो: एकाला एक खेटून उभे धागे आणि मधून रक्ताच्या बारीक सऱ्या. सुईनं त्यात वाट पाडलीय. त्या वाटेनं अर्धा मिलिलिटर द्रव येतो आणि त्यात असतात पाच हजार कोटी विषाणूकण. मूळचा हा चिंपांझींचा विषाणू. ऑक्सफर्डमध्ये त्याची वाढायची शक्ती काढून घेतली, त्याच्या पोटात कोरोनाच्या काट्याचं जनुक ठेवलं, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्या कुप्या भरल्या.

इथं पहारा आहे. भक्षक पेशी बसल्यात, आणि त्यांच्यात मिसळून फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशी. त्यांना कोरोना ठाऊक नाही. कुठलाच रोग त्यांना नावानिशी ठाऊक नाही. त्यांना कळतो तो फक्त ठसका. शेजारच्या घरात संकेश्वरी मिरची तव्यावर पडली की सगळी गल्ली शिंकायला लागते. कुणी भाजली, कशासाठी भाजली, हे शिंकणाऱ्याला माहीत नसतं. काहीतरी तापलंय एवढं कळतं आणि तेवढं पुरतं. या पेशींचंही तसंच. डीएनएनं पेशीच्या केंद्रकात राहायचं असतं. तो विषाणूच्या पोटातून भलत्याच कप्प्यात सांडला, की त्यांना ठसका लागतो. जिवाणूच्या सालीतली चरबी, विषाणूचा आरएनए, सुईनं फाटलेल्या आपल्याच पेशीतून वाहिलेला माल, या प्रत्येकासाठी त्यांच्याकडं वेगळा ग्राही रेणू आहे. त्यांतल्या एका घराण्याचं नाव टोल. हा टोल आधी सापडला फळमाशीत. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमान यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की ज्या माशीत तो बिघडलेला असतो तिच्या अंगावर बुरशी माजते आणि माशी मरते. दोन वर्षांनी अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांनी तसाच रेणू उंदरात दाखवला, जिवाणूच्या सालीतली चरबी ओळखणारा.

दुपार होते. दंडातल्या पेशी आता ओरडू लागल्या आहेत. त्यांचं ओरडणं रसायनांचं: इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन-६ आणि त्यांची भावंडं. ही रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथला अंगाच्या उबेचा काटा वर सरकवतात. अंग ३७ अंशांवर आहे आणि काटा म्हणतोय ३९ पाहिजे. म्हणून स्नायू थरथरून ऊब तयार करतात. रात्री दोनची थंडी ती हीच.

या घडीला कोरोनाविरुद्ध तुमच्याकडं काहीही नाही. प्रतिपिंड नाहीत, शिकून तयार झालेली एकही टी पेशी नाही. आहे तो नुसता आरडाओरडा. आणि माझं सगळं म्हणणं या आरड्याओरड्याविषयीच आहे. लस म्हटलं की आपण रोगाच्या तुकड्याविषयी बोलतो, कारण तो तुकडा ओळखायला शिकायचं असतं. पण शिकायचं की नाही, आणि शिकून काय व्हायचं, हे ठरतं या पहिल्या काही तासांच्या बोंबेवर. ती उठलीच नाही तर काय होतं, ते बघायला तुम्हाला याच गावाबाहेरच्या माळावर जावं लागेल.

*

एकशे वीस वर्षं मागं. गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात आहे, गादीवर शाहू महाराज. १८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग दख्खनभर फिरतोय, आणि लोकांनी अनुभवानं एक नियम शिकून घेतलाय: घरात उंदीर पडले की गाव सोडायचं. तुम्ही उभे आहात तो माळ झोपड्यांनी भरलाय, कडब्याच्या, तुराट्यांच्या. लांबवर काळभैरीचा डोंगर. खाली हिरण्यकेशीच्या काठानं हिरवी रेघ. मधे गाव, कुलपं घातलेलं, धूर नसलेलं. कुत्री तेवढी मागं राहिलीत.

एका झोपडीत तरुण बाई पडलीय. सकाळी भाकऱ्या थापत होती. आता डोळे लाल झालेत, जीभ जड झालीय, चालताना झोक जायला लागला म्हणून आणून निजवलंय. जांघेत लिंबाएवढी गाठ, हात लावू देत नाही. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणतात. इथं माळावर नुसतं "गाठ आली" म्हणतात आणि पुढचं कुणी बोलत नाही. दाराशी एक पोरगी उभी आहे, तीन-चार वर्षांची. तिला आत येऊ देत नाहीत. ही पोरगी पुढं तुमच्या आज्जीची आई होणार आहे, असं समजा.

गाठ अवधाणाच्याच जागेवर आहे. पायाला पिसू चावली, जांघेत गाठ आली. पण अवधाण उतरतं आणि ही गाठ माणसाला घेऊन जाते. फरक कुठं पडला?

पिसवेचं पोट माणसाच्या अंगापेक्षा गार, साधारण २६ अंशांचं. तिथं प्लेगच्या जिवाणूच्या सालीतल्या चरबीच्या रेणूला सहा शेपट्या असतात. आपल्या पहारेकरी पेशींतला ही चरबी ओळखणारा टोल-४ या सहा शेपट्यांना जोरात ठसकतो. पण ३७ अंशांच्या अंगात वाढू लागला की हा जिवाणू साल बदलतो आणि चार शेपट्यांची चरबी तयार करतो. चारला टोल-४ जवळजवळ दाद देत नाही. अंगणात पाय ठेवल्याबरोबर चोरानं वहाणा काढून हातात घ्याव्यात, तसं हे. बाईच्या अंगात गेले काही दिवस असेच बिनआवाजाचे गेले. ती दळत होती, पाणी आणत होती, आणि जिवाणू पायापासून जांघेपर्यंतच्या वाटेनं निवांत चालत होते. आज सकाळी बोंब उठली तेव्हा ते रक्तात उतरले होते.

२००६ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक प्रयोग केला. प्लेगच्या जिवाणूला त्यांनी दुसऱ्या एका जिवाणूचं जनुक दिलं, त्यामुळं तो ३७ अंशांवरही सहा शेपट्या टाकीना. बाकी सगळं तसंच, सगळी हत्यारं जागच्या जागी. हा जिवंत जिवाणू उंदरांना टोचला. उंदीर मेले नाहीत, आणि पुढं खरा प्लेग टोचल्यावरही तगले. दोन शेपट्यांनी खुनी जिवाणूची लस झाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती माळावरची बाई दिसली, आणि तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

*

इथून तीन-चार वर्षं मागं आणि घाट उतरून मुंबईला. १० जानेवारी १८९७, भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज. एक खोली, बाहेर ओवरी, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. खोलीभर काचेचे चंबू. जवळ जाऊन वास घ्या: मटणाचा रस्सा आणि तूप. खरंच. जिवाणू वाढवायला युरोपात गोमांसाचा रस्सा घेत. तो इथं चालणार नाही, डुकराचाही नाही, म्हणून बकऱ्याच्या मांसाचा केलाय. वर तुपाचे थेंब सोडलेत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जिवाणू खाली लोंबत वाढतात, धाग्यांचे झुपके उलटे टांगल्यासारखे. चंबू हलवला की झुपके तुटून तळाशी बसतात आणि तुपाखाली नवे लोंबू लागतात. असं आठवडेच्या आठवडे. मग सगळा रस्सा तासभर ६५ ते ७० अंशांवर तापवायचा. जिवाणू मरतात. त्यांच्या सालीतली चरबी मात्र या उष्णतेला दाद देत नाही.

हे सगळं मांडलेला माणूस छत्तीस वर्षांचा आहे, ओडेसाचा, नाव वाल्देमार हाफकिन. पटकीची लस घेऊन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि प्लेग पेटल्यावर मुंबईला बोलावला गेला. आज तो स्वतःलाच टोचून घेतोय, दहा घन सेंटीमीटर, पुढं लोकांना देणार त्याच्या कितीतरी पट. संध्याकाळपर्यंत ताप चढतो, टोचल्या जागी कळा येतात. तुमची आजची रात्र आणि त्याची ती रात्र एकमेकींना ओळखतील. त्या तापाची हाफकिनला धास्ती नव्हती. उलट ताप हे त्याचं माप होतं: टोचल्यावर अंग चांगलं तापलं तर मात्रा पुरेशी. तुमची आज्जी शाळेत गेली नाही, पण या एका बाबतीत दोघांचं मत एकच.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. निम्म्या कैद्यांनी आपण होऊन टोचून घेतलं. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा गेले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. पुढच्या वर्षी हुबळीत हजारोंनी टोचून घेतलं. तिथून गडहिंग्लज फार लांब नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. तीच आजची हाफकिन संस्था.

आता त्या चंबूंकडं पुन्हा बघा. ते मुंबईच्या खोलीच्या उबेत वाढलेत, माणसाच्या अंगाच्या उबेत नाही. पिसवेच्या पोटाच्या जवळची ऊब ती. म्हणजे त्यांतल्या जिवाणूंनी वहाणा काढलेल्या नसणार. चार नव्हे, सहा शेपट्यांची चरबी त्या रश्श्यात भरपूर असणार, आणि ती तापवूनही टिकलेली. जो जिवाणू अंगात गुपचूप शिरतो, तो हाफकिनच्या सुईतून वाजत-गाजत शिरला. हाफकिनला हे कळायची सोय नव्हती. शेपट्या मोजायची विद्याच शतकभर लांब होती. ही जोडणी माझी आहे, २००६ च्या प्रयोगावरून मागं वळून केलेली. पण तापाला माप मानणारा तो माणूस नेमक्या वाटेवर उभा होता, असं मला मनापासून वाटतं.

*

पॅरिसजवळच्या एका तबेल्यात थोडं थांबू. १९२५ च्या सुमाराची गोष्ट. गास्तों रामों हे पाश्चर संस्थेचे पशुवैद्य घोड्यांना घटसर्पाचं निर्विष केलेलं विष टोचतात, म्हणजे घोड्याच्या रक्तातून उतारा काढता येईल. त्यांच्या लक्षात येतं, की टोचल्या जागी ज्या घोड्याला गळू होतं त्याच्या रक्तात उतारा जास्त. मग ते मुद्दाम जागा चिडवायला लागतात. विषात पावाचा चुरा घालून बघतात. साबुदाणा घालून बघतात. उपासाचा साबुदाणा घोड्याच्या मानेत, आणि उतारा वाढतो. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी तुरटी वापरतात. तुरटीच्या नात्यातले ॲल्युमिनियमचे क्षार आजही कितीतरी लसींत आहेत. तुमच्या पोरांनी दीड महिन्याची असताना रडत घेतलेल्या त्रिगुणीतसुद्धा.

चिडवल्याशिवाय लस लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. का लागत नाही, हे साठ वर्षं कुणी नीट विचारलं नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत चार्ल्स जेनवे उभे राहिले आणि म्हणाले, की ही भेसळ म्हणजे आपल्या शास्त्राचं लपवून ठेवलेलं गुपित आहे. त्यांचं म्हणणं होतं: शरीर फक्त परकं काय ते ओळखत नाही, संसर्ग घेऊन आलेलं परकं ओळखतं, आणि त्यासाठी ठराविक खुणा वाचणारे ग्राही रेणू पहारेकरी पेशींत असलेच पाहिजेत. तेव्हा असा एकही रेणू सापडलेला नव्हता. टोल सात वर्षांनी आला. हॉफमान आणि ब्यूटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं, डेंड्रायटिक पेशी शोधणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांच्याबरोबर. स्टाइनमन घोषणेच्या तीन दिवस आधी वारले होते, समितीला ते ठाऊक नव्हतं. जेनवे २००३ मध्येच गेले. त्यांचं नाव त्या यादीत नाही, आणि मला ते अजून खटकतं.

*

वाकळ बाजूला करा. तिसरा दिवस उजाडलाय. ताप उतरलाय, दंड तेवढा हुळहुळतोय. अंघोळ करताना साबणाचा हात काखेत जातो आणि तिथं बोरासारखं काहीतरी लागतं. दाबलं की दुखतं. आज्जीला सांगायला तुम्ही तोंड उघडता आणि ती आधीच मान डोलावते.

चला, आत. ही शेवटची मजल आणि खरी गोष्ट इथंच आहे.

काखेतली लसिका ग्रंथी एरवी शेंगदाण्याएवढी. आज तिचा बाजार भरलाय. दंडात ठसका लागलेल्या डेंड्रायटिक पेशी तिथून निघाल्या, रात्रभर आणि दिवसभर लसिकेच्या वाहिन्यांतून चालत इथं पोचल्या. प्रत्येकीच्या अंगावर कोरोनाच्या काट्याचे बारके तुकडे मांडलेत. त्यांच्याभोवती कोवळ्या टी पेशींची रीघ लागलीय. एकेका डेंड्रायटिक पेशीला तासाभरात शेकडो टी पेशी हात लावून जातात. बहुतेकींचा जोड जमत नाही. प्रत्येक टी पेशीला जन्मतः एकच आकार ओळखता येतो, आणि नेमका हा तुकडा ओळखणारी पेशी लाखात एखादी, कधी त्याहूनही विरळा. अख्ख्या कोल्हापूर शहरात चार-पाच माणसं, आणि ती शोधायचीत. म्हणून तर ग्रंथी सुजते: बोंबेच्या रसायनांनी बाहेर जायच्या वाटा काही काळ बंद केल्यात आणि आत येणाऱ्या उघड्या ठेवल्यात. गर्दी अडवून धरलीय. बोटाला लागलेली गाठ म्हणजे ही अडवलेली गर्दी.

एकीचा जोड जमतो. ती थांबते. आता नीट बघा, कारण एवढ्यानं भागत नाही. डेंड्रायटिक पेशीनं तुकडा दाखवला आणि बाकी गप्प राहिली, तर ओळख पटलेली टी पेशी लढायला उठत नाही. उलट ती पेंगुळते आणि पुढंही त्या तुकड्याला पाहून उठत नाही. आपल्याच अंगातले तुकडे दिसले तर तिनं असंच पेंगावं, अशी शरीराची सोय आहे. ती उठण्यासाठी डेंड्रायटिक पेशीनं दुसरा हातही पुढं करावा लागतो, आणि तो हात तिला दंडातच ठसक्यानं मिळालेला असतो. परवा दुपारी बोंब उठली नसती, तर आज हा तुकडा इथं पोचूनही वाया गेला असता.

आणि तिसरी गोष्ट. आपल्याकडं हलगी वाजली की पोरसुद्धा डोळे मिटून सांगतं कशाची आहे: लग्नाची, कुस्तीच्या मैदानाची की प्रेतयात्रेची. वाद्य तेच, हात तोच, ठेका वेगळा, आणि ठेक्यावरून माणूस ठरवतो की फेटा बांधायचा की उपरणं खांद्यावर टाकायचं. काखेतली टी पेशीसुद्धा ठेका ऐकते. इंटरल्यूकिन-१२ आणि इंटरफेरॉन ऐकू आलं तर विषाणू लागलेल्या पेशी मारणाऱ्या, भक्षक पेशींना पेटवणाऱ्या फौजेत ती जाते. इंटरल्यूकिन-४ असेल तर दुसऱ्या फौजेत, जंतांशी झुंजणाऱ्या. इंटरल्यूकिन-६ असेल तर ती शेजारच्या बी पेशींकडं वळते आणि त्यांना चांगले प्रतिपिंड बनवायला मदत करते. तुकडा सगळ्यांसाठी तोच, शिक्षण मात्र निराळं. हे ठरतं दोन-तीन दिवसांत, आणि एकदा ठरलं की सहसा बदलत नाही.

लस बनवणारे हा ठेका आता जाणूनबुजून निवडतात. नुसत्या तुरटीच्या क्षाराचा ठेका प्रतिपिंडांकडं झुकतो. विषाणूशी लढायला हवी ती मारेकरी टी पेशींची फौज त्यानं तेवढी उठत नाही. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं वेगळा केलेला विषाणू घेऊन हैदराबादच्या भारत बायोटेकनं कोव्हॅक्सिन बनवली, तेव्हा क्षाराबरोबर एक छोटा रेणू जोडला. तो टोल-७ आणि टोल-८ ला डिवचतो, जणू विषाणूचा आरएनए आलाय. मेलेल्या विषाणूला जिवंत विषाणूचा ठेका दिला. तुमच्या दंडातल्या लसीला असं काही जोडावं लागलं नाही; तिचा विषाणूकण स्वतःच हलगी घेऊन आला होता. पीतज्वराची लस तर एकाच वेळी टोलच्या चार प्रकारांना जागं करते आणि एकाच डोसात जन्मभर पुरते. आज्जीच्या दंडावरच्या देवीसुद्धा जिवंत विषाणूच्या. देवी काढलेल्यांच्या रक्तात पन्नास-पन्नास वर्षांनंतरही त्या टी पेशी सापडल्यात.

हलगी वेळेवर थांबलीही पाहिजे. बोंब आठवड्यामागून आठवडे चालू राहिली, जसं जुनाट संसर्गात होतं, तर टी पेशी थकतात, हात टाकतात. तुमच्या दंडातली बोंब दोन दिवसांत निवली ते बरंच झालं.

आता ती एक पेशी फुटू लागलीय. एकीच्या दोन, दोनीच्या चार, पाठोपाठ. दीड-दोन आठवड्यांत हजारो होतील, रक्तातून सगळीकडं पसरतील, शत्रू शोधतील, आणि शत्रू नाही हे बघून त्यांतल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त मरून जातील. उरतील त्या थोड्या, शिकून-सवरून गप्प बसलेल्या. एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

*

आज्जीचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे, हे मात्र तिला सांगायला हवं. ताप आला म्हणजे आत बोंब उठली हे खरं. पण ताप आला नाही म्हणजे उठलीच नाही, असं नाही. काखेतलं काम अंग न तापताही होतं. तुमच्या शेजारच्या दुकानदाराला काहीच झालं नाही आणि तो आता "आमच्या कुपीत नुसतं पाणी व्हतं काय" म्हणत गल्लीभर फिरतोय. त्याच्याही टी पेशी शिकल्या असणार. आणि उलट, ताप आला म्हणून घाबरून दुसरा डोस टाळणारेही गावात आहेत. तुम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसता, माळावरची बाई आणि तबेल्यातला साबुदाणा दोन्ही सांगता. पॅरासिटामॉलचंही सांगता: ताप येण्याआधीच गोळी घेऊन ठेवायची नाही. तान्ह्या मुलांना लसीबरोबर आधीच गोळी दिली तर काही प्रतिपिंड कमी उठतात, असं चेक प्रजासत्ताकातल्या एका अभ्यासात दिसलं, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ताप चढून त्रास व्हायला लागला तर खुशाल घ्यायची.

पाऊस लागतो. हिरण्यकेशी तांबडी होते. चौऱ्याऐंशी दिवस भरतात आणि तुम्ही छत्री टेकवून पुन्हा त्याच रांगेत उभे राहता.

"मागच्या येळी ताप आलता?" सिस्टर विचारते.

"आलता. एक रात्र."

"कुठला हात?"

तुम्ही डावाच पुढं करता, का ते न कळता. पुढं काही वर्षांनी शास्त्रज्ञ दाखवणार आहेत, की दोन्ही डोस एकाच हातात घेतले तर त्या काखेतल्या ग्रंथीतल्या जागत्या भक्षक पेशी बी पेशींची आठवण लवकर जागी करतात आणि चांगले प्रतिपिंड आधी दिसू लागतात. आज तुम्हाला एवढंच वाटतं, की या हाताला सवय आहे.

रात्री काहीच होत नाही. अंग गार, झोप गाढ. आतल्या माणसांना आता काम माहीत आहे. फार ओरडायची गरज उरलेली नाही. दोनच्या सुमाराला वाकळीखाली एक हात शिरतो, काखेत दोन बोटं चाचपतात, थांबतात, पुन्हा चाचपतात.

"कायच न्हाई," आज्जी अंधारात म्हणते, आणि तरी उशाशी बसून राहते.